जोथम टटल यांचा नंबर

वेल्डन काउंटीत जमिनीचा व्यवहार ठरला की कागद जोथम टटल यांच्या हातचा आहे का, असं विचारायची पद्धत होती. असला तर तो दुसऱ्या वकिलाला दाखवायची गरज नसे. १८३८ ते १८८४ या सेहेचाळीस वर्षांत त्यांनी लिहिलेलं एकही खरेदीखत, मृत्युपत्र किंवा करारनामा कोर्टात मोडला नाही. त्यांचा एकच कागद मोडला, तोही कोर्टाबाहेर, आणि तो मोडला तेव्हा ते स्वतः समोर उभे होते.

टटल मूळचे व्हर्माँटचे. बाविसाव्या वर्षी इकडे आले, दोन हिवाळे शाळा चालवली आणि उरलेल्या वेळात कायदा वाचला. त्या काळी वकिलीची परीक्षा न्यायाधीश घेत, आणि टटल यांची परीक्षा कोर्टाच्या मागे चिनाराच्या सावलीत, न्यायाधीश दाढी करत असताना झाली. तीन प्रश्न विचारले गेले. तिसऱ्याचं उत्तर टटल यांनी इतकं लांबवलं की न्यायाधीशांच्या गालावरचा साबण वाळला. "पुरे," ते म्हणाले, "याला सनद द्या, नाहीतर मी अर्धाच राहीन."

माणूस उंच, खांद्यात वाकलेला. भाषण बेताचं, आवाज बारीक. लेखणी मात्र पक्की होती. मसुदा लिहून झाला की ते तो शत्रूच्या डोळ्यांनी वाचत आणि फट सापडली की ती बुजवत. "माणसं काय बोलली ते विसरतात," ते म्हणत, "म्हणून तर कागद लागतो." दोनदा ते राज्याच्या विधिमंडळात गेले. तिथे त्यांनी मेंढ्या वाचवण्यासाठी कुत्र्यांवर कर बसवणारा कायदा लिहिला. तो मंजूर झाला आणि पुढची दहा वर्षं काउंटीतली निम्मी कुत्री टटल या नावाने ओळखली गेली.

त्यांना खरं जायचं होतं वॉशिंग्टनला, प्रतिनिधिगृहात. एकदाच आणि एका कामासाठी.

काम असं होतं. काउंटीच्या उत्तर भागात ओढ्याला दोन फाटे फुटतात. १८२१ साली सरकारी मोजणीदाराने भलत्याच फाट्यापासून साखळी टाकली. त्यामुळे त्या भागातल्या एकसष्ट शेतांचे सरकारी दाखले अर्धा मैल पश्चिमेकडच्या जमिनीचं वर्णन करतात. पश्चिमेला दलदल आहे. शेतं, घरं, विहिरी एका जागी, आणि कागदावर सगळं बेडकांच्या राज्यात. कोणी हुसकावून लावलं नाही, पण विकायला गेलं की अडचण, वाटणी करायला गेलं की अडचण. कोर्टाला यात हात घालता येत नव्हता. वॉशिंग्टनमध्ये कायदा झाला तरच चूक दुरुस्त होणार होती. १८५५ मध्ये टटल यांनी तो कायदा लिहून ठेवला. मसुदा दीड पानाचा होता.

"दीड पान!" घोड्यांचं सामान शिवणारा सिलास ओडेल म्हणाला. त्या एकसष्टांतलं एक घर त्याचं. टटल वकील, म्हणून सगळे त्यांना स्क्वायर म्हणत. "स्क्वायर, दीड पान मंजूर करायला त्यांना किती वेळ लागेल?"

"कोणी बाजूला उभं राहिलं तर एक दुपार. नाही राहिलं तर सांगता येत नाही."

"मग तूच जाऊन उभा राहा. माझी बायको म्हणते, कागदाप्रमाणे आम्ही वीस वर्षं पाण्यात झोपतोय."

१८५६ च्या ऑगस्टमध्ये आमच्या पक्षाचा मेळावा ऑर्डवेच्या चर्चमध्ये भरला. मतदारसंघात तीन काउंट्या: ऑर्डवे, लॅथम आणि आमची वेल्डन. प्रत्येकीचा एक उमेदवार होता. मतं टोपीत टाकायची आणि मोजायची. कोणालाच निम्म्याहून जास्त मिळाली नाहीत तर पुन्हा टोपी फिरवायची. टटल यांना सत्तावीस, ऑर्डवेच्या लूथर क्विगना तेवीस, लॅथमच्या अल्फियस रीडना एकोणीस. तेहतीस वेळा टोपी फिरली आणि तेहतीस वेळा आकडे तेच आले. शेतकऱ्यांची कापणी खोळंबली होती. तंबाखूची पिंकदाणी दोनदा भरली होती. लॅथमचे लोक गाड्या जोडायला निघाले.

तेव्हा टटल बाहेर ओसरीवर गेले. हरवलेल्या घोडीच्या जाहिरातीचा एक कागद भिंतीवर होता, तो काढून त्याच्या पाठीवर त्यांनी ठराव लिहिला. त्यात तीन कलमं होती. पहिलं, उमेदवारी काउंट्यांना आळीपाळीने मिळेल, प्रत्येकीला सलग दोन निवडणुका. दुसरं, एकीचा नंबर दुसरीने घ्यायचा नाही. तिसरं, मतदारसंघात पुढे एखादी नवी काउंटी आली तर तिचा नंबर आधीपासून थांबलेल्यांच्या मागे. हे तिसरं कलम त्यांनी वेल्डनच्या रक्षणासाठी घातलं होतं. शेजारची एखादी काउंटी आमच्यात येणार अशी बोलवा होती, आणि ती मध्ये घुसायला नको होती.

ठराव सगळ्यांना पटला, पण एका अटीवर. सगळ्यात जास्त मतं टटल यांची, म्हणून त्यांनी शेवटी जायचं. तगडा माणूस आधी आत गेला तर बाहेर येत नाही, असं क्विग म्हणाले. टटल यांनी हिशेब केला. ऑर्डवे ५६ आणि ५८, लॅथम ६० आणि ६२, वेल्डन ६४. तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे असणार होते. त्यांनी हो म्हटलं.

घरी आल्यावर त्यांनी हे सगळं पत्नीला, परसिसबाईंना सांगितलं. त्या सफरचंदाचा मुरंबा ढवळत होत्या.

"म्हणजे मिस्टर टटल," त्या म्हणाल्या, "टर्की तुम्ही आणलीत, कापलीत तुम्ही, सगळ्यांना वाढलीत तुम्ही. आणि तुमच्या ताटात मान."

"मान नाही, मिसेस टटल. तिसरा तुकडा. लेखी."

"लेखी तुकडा कसा लागतो, ते आठ वर्षांनी सांगा."

क्विग वॉशिंग्टनला गेले तेव्हा टटल यांनी मसुद्याची नक्कल त्यांच्या हातात दिली. क्विग यांनी ती कुठेतरी ठेवली. कुठे, ते त्यांना चार वर्षांत आठवलं नाही.

१८६० मध्ये लॅथमचे रीड निवडून आले, आणि दुसऱ्या वर्षी राजीनामा देऊन फौज घेऊन यादवी युद्धावर गेले. त्यांच्या जागी लॅथमचा एक म्हातारा सराफ कसाबसा दोन्ही मुदती भरून आला. १८६४ उजाडलं. वेल्डनचा नंबर. मेळावा लॅथमच्या कोर्टात होता. टटल नवा कोट घालून गेले. ठराव कोटाच्या आतल्या खिशात होता.

मेळावा सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात मागच्या दारातून कर्नल रीड आत आले. डावी बाही टाचून वर दुमडलेली होती. तो हात व्हिक्सबर्गच्या लढाईत राहिला होता.

"टटल," कर्नल म्हणाले, "तुमच्या ठरावात प्रत्येकाला दोन निवडणुका लिहिल्यात. माझ्या दोन्ही राहिल्या. त्या मी दुसरीकडे घालवल्या."

सगळं कोर्ट उभं राहिलं. टोप्या छताला लागल्या. टटल यांच्या खिशातल्या कागदात 'प्रत्येक काउंटीला' असं लिहिलं होतं, 'प्रत्येक माणसाला' नाही. लॅथमच्या दोन्ही झाल्या होत्या. कायद्याने टटल बरोबर होते आणि एवढं एक वाक्य वाचून दाखवायचं होतं. ते बसून राहिले.

"वाचलं का नाहीस?" परतीच्या वाटेवर सिलासने विचारलं.

"त्या बाहीसमोर?"

"बाहीला काय कळतंय? मी तुझ्या जागी असतो तर डोळे मिटून वाचलं असतं."

"सिलास, वाचलं असतं तर कलम जिंकलो असतो. नोव्हेंबरात मतं कोणी दिली असती?"

"माझ्या घराला त्याचं काय? ते अजून पाण्यातच आहे ना?"

कर्नलनी दोन्ही निवडणुका घेतल्या, ६४ आणि ६६. मसुद्याची दुसरी नक्कल त्यांच्याबरोबर गेली. जखमी सैनिकांच्या अर्जांच्या ढिगाऱ्याखाली ती राहिली आणि त्याबद्दल कर्नलना दोष देणं कठीण होतं.

मग १८६८. या वेळी आड यायला कर्नल नव्हता, युद्ध नव्हतं. पण आदल्या वर्षी राज्याच्या राजधानीत मतदारसंघांच्या रेषा नव्याने आखल्या गेल्या होत्या. ऑर्डवे आणि लॅथम तिथेच राहिल्या, वेल्डन उचलून दक्षिणेकडच्या स्टॅनिश आणि हॅलक काउंट्यांना जोडली गेली. आमच्यापैकी कोणाला विचारलं नव्हतं.

टटल स्टॅनिशच्या मेळाव्यात गेले. अध्यक्ष होते डॉक्टर पर्ली वेब. जाडजूड, हसरे, घोड्यांनाही औषध देणारे. टटल उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले की वेल्डन बारा वर्षं थांबली आहे.

"तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहे, स्क्वायर," वेब म्हणाले, "पण आमच्याकडेही नियम आहे. ऐका." आणि त्यांनी वहीतून वाचायला सुरुवात केली. उमेदवारी आळीपाळीने, प्रत्येकीला सलग दोन निवडणुका. नवी काउंटी आली तर तिचा नंबर आधीपासून थांबलेल्यांच्या मागे.

समोर बसलेल्यांनी नंतर सांगितलं की वेब वाचत होते तेव्हा टटल यांचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. एकदा तर ते अर्धा शब्द पुढे गेले.

"हे कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"कोण जाणे. सहा वर्षांपूर्वी ऑर्डवेहून कोणीतरी नक्कल आणली. पण काय पक्कं लिहिलंय! आमच्या वकिलांनी दोन दिवस बसून फट शोधली. नाही सापडली."

"सापडणार नाही," टटल म्हणाले आणि खाली बसले.

स्टॅनिश ६८ आणि ७०. हॅलक ७२ आणि ७४. वेल्डन १८७६.

या आठ वर्षांत टटल यांनी काय केलं, ते कोर्टाच्या नोंदीत आहे. मोकाट डुकरं आणि मोडकी कुंपणं यांचे दोनशेच्या वर खटले, ओल्या जमिनीतल्या चरांचे वाद, विधवांच्या वाटण्या. उत्तर फाट्याकडची वाटणी आली की ते दोन कागद करत, एक जमीन जिथे आहे तिथला आणि एक सरकार म्हणतं तिथला. कारकून कुरकुरत असे. १८७२ मध्ये रेषा पुन्हा आखल्या गेल्या, त्यात वेल्डन हलली नाही. ती बातमी आली त्या दिवशी टटल यांनी ऑफिस दुपारीच बंद केलं. तसं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. मसुद्याची तिसरी नक्कल स्टॅनिशच्या सभासदाबरोबर गेली. तिच्यावर समितीच्या कारकुनाने मोजणीदाराची मूळ टिपणं मागितली, आणि टिपणं जळून गेली होती. चौथी हॅलकच्या मार्कस डन्लॅप यांनी नेली. डन्लॅप कामाचे निघाले. त्यांनी मसुदा सभागृहात मांडला. पहिलं वाचन झालं, आणि तो जमीन समितीकडे जाऊन थांबला.

१८७६ चा मेळावा ऑगस्टमध्ये हॅलकच्या कोर्टात होता. टटल त्रेसष्ट वर्षांचे. अठ्ठेचाळीस सभासद, त्यांतले चौदा वेल्डनचे. निघताना परसिसबाईंनी डबा दिला. मक्याची भाकरी, खारवलेलं डुकराचं मांस आणि उकडलेली अंडी.

"तुकडा मिळाला तर हे परत आणा," त्या म्हणाल्या.

उमेदवारांची नावं पुकारायच्या आधी स्टॅनिशचा एक वकील उभा राहिला आणि त्याने एका वाक्याचा ठराव मांडला. "उमेदवारीच्या आळीपाळीचा नियम रद्द करण्यात येत आहे." कारणही त्याने सांगितलं. डन्लॅप चार वर्षांत जमीन समितीवर पोचले होते. नवा माणूस पाठवला तर तो पुन्हा शेवटच्या बाकापासून सुरुवात करणार. ज्या खुर्चीतून कामं होतात ती खुर्ची मिळाली असताना सोडायची का? हे म्हणणं चूक नव्हतं. मेळाव्यातल्या निदान नऊ जणांना डन्लॅप यांनी टपाल खात्यात चिकटवलं होतं, त्यांना ते आणखीच बरोबर वाटलं.

टटल उभे राहिले. घडी पडून पडून चार तुकडे झालेला तो घोडीच्या जाहिरातीचा कागद त्यांनी टेबलावर जुळवला आणि तिन्ही कलमं वाचली. मग वेल्डन किती वर्षं आणि का थांबली, ते सांगितलं. वीस मिनिटं ते बोलले. खिडकीजवळ दोघांना डुलकी लागली होती.

"स्क्वायर," मागून एक स्टॅनिशचा तरुण ओरडला, "तो कागद माझ्याइतका म्हातारा झालाय!"

"तुम्ही त्याच्याहून मोठे दिसता," टटल म्हणाले. "पण तो वीस वर्षं एकच गोष्ट सांगतोय. स्टॅनिशने आठ वर्षांत दोन सांगितल्यात."

हशा झाला. स्टॅनिशचे लोकही हसले. मतं कोणाची हलली नाहीत.

मत घेण्याआधी टटल यांनी दुरुस्ती मांडायची परवानगी मागितली. या वेळीही अध्यक्ष असलेल्या वेब यांनी कपाळ पुसत दिली.

"ठरावात 'आजपासून' हा शब्द घाला. 'आजपासून रद्द करण्यात येत आहे.'"

"त्याने काय फरक पडतो?"

"आजपासून रद्द म्हटलं तर काल तो होता. नुसतं रद्द म्हटलं, तर उद्या कोणीही म्हणेल की तो कधी बंधनकारक नव्हताच. वेल्डन वीस वर्षं नसलेल्या नियमासाठी थांबली, असं इतिवृत्तात जायला नको."

दुरुस्ती एकमताने मंजूर झाली. मग दुरुस्त ठराव तीस विरुद्ध अठरा मतांनी मंजूर झाला. मग डन्लॅप यांना उमेदवारी मिळाली. सगळं मिळून पाऊण तास.

बाहेर पायऱ्यांवर सिलास आणि वेल्डनचे बाकीचे बारा उभे होते.

"चल," सिलास म्हणाला. "आपण फुटायचं. आपल्या गावच्या छापखान्यात तुझ्या नावाच्या मतचिठ्ठ्या छापू. प्रत्येक मतदाराच्या हातात मी स्वतः देतो. वेल्डनचं एक मत डन्लॅपला जाणार नाही."

"नाही जाणार. आपली एकोणतीसशे मतं मला पडतील. डन्लॅप पडेल, मी पडेन, आणि समोरच्या पक्षाचा माणूस वॉशिंग्टनला जाईल."

"डन्लॅप पडेल ना? झालं तर!"

"आणि मसुदा? तो आता डन्लॅपच्या समितीसमोर आहे. डन्लॅप घरी बसला तर तोही घरी बसला."

सिलासने टोपी काढून पायऱ्यांवर आपटली. "वीस वर्षं तू मला हेच सांगतोयस! रीडला जाऊ दे, नाहीतर मतं जातील. थांबू या, कारण लिहिलंय. आता डन्लॅपला जाऊ दे, कारण मसुदा. घर कोणाचं आहे दलदलीत? तुझं की माझं?"

"तुझं."

"मला पाण्यात राहायला चालतंय. त्या लोकांना एकदा तरी लाथ बसू दे, म्हणून मी राहायला तयार आहे. तुला का चालत नाही?"

"बाकीची साठ घरं आहेत, सिलास. त्यांना विचारलंस?"

"तू विचारलंस, त्या दिवशी ओसरीवर कागद लिहिताना?"

टटल यांनी पायऱ्यांवरची टोपी उचलून सिलासच्या हातात दिली. बाकीचे बारा आपापल्या गाड्यांकडे गेले. टटल आणि सिलास एकाच बग्गीतून आले होते आणि घोडा सिलासचा होता, म्हणून एकोणीस मैल ते शेजारी बसून परतले. डबा न उघडलेला परत आला. परसिसबाईंनी तो घेतला आणि अंडी डुकरांना टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टटल ऑफिसात बसले आणि मसुद्याची पाचवी नक्कल केली. चौथीत 'उत्तर फाटा' याऐवजी 'उत्तरेकडील फाटा' असतं तर जास्त पक्कं झालं असतं, असं त्यांना वाटत होतं. तशी दुरुस्ती केली आणि टपालाने डन्लॅप यांना पाठवली. मग दहा वाजता कोर्टात जाऊन एका डुकराचा खटला चालवला आणि जिंकला.

नोव्हेंबरमध्ये डन्लॅप निवडून आले. त्यांचं पत्र आलं: मसुदा फार व्यवस्थित लिहिलेला आहे आणि समिती पुढच्या अधिवेशनात त्याकडे लक्ष देईल. ७८ मध्ये ते पुन्हा निवडून आले, ८० मध्ये पडले. दर अधिवेशनाच्या सुरुवातीला टटल पत्र पाठवत. उत्तर येई. बहुतेक उत्तरांत 'व्यवस्थित लिहिलेला' हे शब्द होते.

सिलास ओडेल पुढे तीन वर्षं टटल यांच्या ऑफिसात गेला नाही. चौथ्या वर्षी त्याला मृत्युपत्र करायचं होतं, तेव्हा गेला. टटल यांनी नेहमीप्रमाणे दोन कागद केले.

"हा दुसरा कशाला?" सिलास म्हणाला.

"दलदलीतल्या घराचा."

"तेही देऊन टाक मुलाला," सिलास म्हणाला. "त्याला पोहायला येतं."

जोथम टटल १८८४ च्या मार्चमध्ये न्यूमोनियाने वारले. वॉशिंग्टन त्यांनी पाहिलं नाही. दफनाला डॉक्टर वेब आले होते, कर्नल रीडही आले होते. कर्नलनी एका हाताने टोपी धरून मोठं भाषण केलं. त्यात टटल यांच्या त्यागाचा उल्लेख तीनदा आला. परसिसबाई दुसऱ्या उल्लेखानंतर गाडीत जाऊन बसल्या.

सिलास गेल्या शरदात गेला. त्याच्या मुलाने शेत विकायला काढलं आहे. ग्राहक आला, जागा पाहिली, विहिरीचं पाणी प्यायला, खूश झाला. मग दाखला बघायला मागितला. तो टेकडीवर चढला आणि दाखल्यात लिहिल्याप्रमाणे अर्धा मैल पश्चिमेला चालत गेला. बूट घोट्यापर्यंत रुतले तिथून तो परत फिरला. मुलाने वॉशिंग्टनला लिहिलं आहे. मसुदा समितीकडे आहे, असं उत्तर आलं.